तावदानावरचा डाग

मराठीत 'डाग' हा शब्द मोठा सोशिक आहे. कपड्यावर पडतो तो डाग, चारित्र्यावर लागतो तोही डाग. आमच्या भागातल्या जुन्या बायका अंगावरच्या सोन्याला 'डाग' म्हणत, आणि एस.टी.च्या टपावर चढवलेल्या सामानाची मोजदादही डागांतच होई. दुखऱ्या जागी तापल्या लोखंडाचा चटका देणे म्हणजे डागणे, आणि मोडके घर सावरणे म्हणजे डागडुजी. शब्दार्थाचे पदर उलगडून दाखवताना हा शब्द आम्हा दोघांच्याही हुकमी उदाहरणांपैकी एक. कलंक, अलंकार, ओझे, उपचार आणि दुरुस्ती एवढे सारे एका शब्दाच्या आसपास नांदते, असे सांगितले की वर्गही खूश होतो आणि आम्हीही. या लेखातला डाग मात्र अगदी साध्या अर्थाचा आहे, खिडकीच्या काचेवरचा. तो काढण्यात आमचे सव्वा वर्ष गेले. त्या सव्वा वर्षात आमच्या हातून दुसरे काय निसटले, ते सांगण्यासाठी हे लेखन.

सुरुवात घरापासून दूर, एका बोटीवर करावी लागेल. २०१८ च्या दिवाळीच्या सुटीत आम्ही आईला घेऊन कोकणात उतरलो होतो. आई म्हणजे आमच्यापैकी एकाची आई आणि एकीची सासू. हाक मात्र दोघांचीही एकच. लिहिताना 'आई म्हणाली' असे लिहावे की 'आई म्हणाल्या' असे, यावर घरात थोडी चर्चा झाली आणि मुलाचे व्याकरण जिंकले. तर आंबा घाट उतरून रत्नागिरी, तिथून गणपतीपुळे आणि पुढे जयगड असा प्रवास होता. जयगडहून पलीकडे तवसाळला जायला फेरीबोट आहे. शास्त्री नदीच्या मुखाशी पसरलेली खाडी ती माणसे आणि गाड्या पोटात घेऊन ओलांडते. बोट सुटायला अवकाश होता. सुकाणूच्या केबिनची काच तुषार वाळून पांढरी झाली होती, आणि एक खलाशी बादलीतले गोडे पाणी तांब्याने तिच्यावर ओतत होता. पांढरा पडदा पाहता पाहता उतरला. आम्ही कौतुकाने काही बोललो, तेव्हा तो म्हणाला की खाऱ्या पाण्याच्या डागाची धास्ती नाही, तो गोड्या पाण्याने निघतो. खरी काळजी गोड्या पाण्याचीच घ्यावी लागते. ते काचेवर राहिले आणि उन्हात वाळले की त्याचा डाग काचेला धरून बसतो. असे म्हणून त्याने कोरड्या फडक्याने काच लगोलग टिपून घेतली.

आमच्यासारख्या माणसांना असे वाक्य सापडले की त्यांची दृष्टी काचेवरून उडते. खारट माणसे आणि गोड माणसे, शत्रूचे घाव आणि आप्तांचे घाव, अशी त्या वाक्याची चढती भाजणी तवसाळचा धक्का येईपर्यंत आम्ही रचली आणि वहीत टिपूनही ठेवली. खलाशी काचेबद्दल बोलत होता आणि जे बोलला ते शब्दशः खरे होते, ही गोष्ट वहीत कुठेच नाही.

२०१९ च्या ऑगस्टचा पहिला आठवडा कोल्हापूरकरांना सांगावा लागत नाही. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. पंचगंगेची पातळी इथे राजाराम बंधाऱ्यावर फुटांत मोजतात. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोक्याची. त्या आठवड्यात पाणी ५५ फुटांच्या वर गेले. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. शहराला पाणी पुरवणारी उपसा केंद्रेच बुडाल्यामुळे चहूकडे पाणी आणि घरातले नळ कोरडे, अशी अवस्था झाली. आमचे घर शाहूपुरीच्या सखल भागात, जयंती नाल्यापासून फारसे दूर नाही. नदी चढली की नाल्याचे पाणी नदीत शिरू शकत नाही. ते मागे फिरते आणि वस्तीत पसरते. २००५ च्या पुरात ते आमच्या ओट्याच्या पायऱ्यांपाशी थांबले होते. या वेळी ते थांबले नाही. रात्री आईला उचलून माडीवर नेले. दुसऱ्या दिवशी दुपारी रबरी बोट बाहेरच्या जिन्याला लागली आणि आम्ही तिघे तीत उतरलो.

बोट वळली तेव्हा आईच्या खोलीची खिडकी आम्हाला बाहेरून दिसली. पाणी तावदानांच्या निम्म्यावर होते. आत अर्धी काळोखी, बाहेर गढूळ लाटा आणि मध्ये ती काच. एखाद्या बुडालेल्या बोटीची खिडकी असावी तशी. आई त्या खिडकीशी गेली तीस वर्षे बसत आली होती. भाजीवाले, शाळेची मुले, कुंभार गल्लीकडे जाणारे गणपतीचे गाडे हा सगळा तिचा रस्ता. बोटीतून ती खिडकीकडे पाहत राहिली आणि एवढेच म्हणाली, "काच फुटली न्हाई बघ अजून."

पाणी ओसरल्यावर आम्ही परतलो. तावदानांवर सरळ आडवी रेषा उमटली होती. खाली तपकिरी, वर स्वच्छ. इथे आमचा पहिला अपराध घडला, जरी तो वरकरणी निरुपद्रवी होता. ती रेषा आम्हाला आवडली. पुराने स्वतःच्या हाताने लिहिलेली ओळ, घराच्या देहावरची तारीख, असले काहीबाही मनात येऊ लागले. एका स्मरणिकेसाठी आम्ही त्या रेषेवर दोन पानांचे ललित लिहिलेही आणि ते लिहून होईपर्यंत काच पुसली नाही. शेवटी आईच म्हणाली, "आठवन ठेवायची तर वहीत ठेवा की. मला रस्ता बघायचा हाय."

मग पुसायला घेतली. गाळ निघायला अर्धा तासही लागला नाही. ओल्या मातीत बारीक रेती असते, तेव्हा आधी चोळू नये, नुसते पाणी सोडून ती उतरू द्यावी, नाहीतर काचेवर ओरखडे उठतात, एवढे पथ्य पाळले की गाळ हा गरीब डाग आहे. नळाला पाणी नव्हते. जे होते ते गल्लीतल्या बोअरचे आणि टँकरचे. त्याच पाण्याने आम्ही पाच-सहा दिवस रोज काचा धुतल्या आणि उन्हात तशाच वाळू दिल्या. आठवड्याने पाहतो तो काचांवर पांढुरके ठिपके, ओघळ, आणि तिरप्या उन्हात सगळ्या तावदानांवर दुधी साय. पुराचा डाग केव्हाच गेला होता. उरला होता तो आमच्या धुण्याचा. खलाशाचे वाक्य आम्हाला तेव्हा वर्षभराने पहिल्यांदा कळले.

त्यामागचे गणित सोपे आहे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, पण त्यांतला बहुतेक भाग मिठाचा. मीठ लिटरभर पाण्यात साडेतीनशे ग्रॅमपर्यंत विरघळते. म्हणून ते आले तसे जाते. बोअरच्या पाण्यात एकूण क्षार ग्रॅमभरही नसतील, पण ते वेगळ्या स्वभावाचे. पावसाचे पाणी जमिनीत मुरताना कर्बवायू बरोबर घेते, आपल्याकडच्या काळ्या कातळाला झिजवते आणि त्यातला चुना विरघळवून आपल्याबरोबर नेते. हेच पाणी काचेवर वाळले की कर्बवायू उडून जातो आणि मागे चुनखडी उरते. ही चुनखडी साध्या पाण्यात परत विरघळवायची म्हटली तर लिटरला पंधरा-एक मिलिग्रॅमच्या पुढे जात नाही. म्हणजे ज्या पाण्याने ती आणून ठेवली त्याच पाण्याने ती काढू पाहणे म्हणजे भर घालणे. आम्ही रोज तेच करीत होतो.

चुनखडीवर उपाय आंबटाचा. तांब्यापितळेच्या भांड्यांना चिंच लावणाऱ्या घरात हे निराळे शिकवावे लागू नये. व्हिनेगर किंवा लिंबूफुलाचे पाणी फडक्यात भिजवून ते फडके काचेला चिकटवून ठेवायचे, पंधरा-वीस मिनिटे वाळू द्यायचे नाही, मग हलक्या हाताने पुसून स्वच्छ पाण्याने धुवायचे आणि लगेच कोरडे करायचे. शेवटचे पाणी बोअरचे नको. पागोळ्यांखाली धरलेले पावसाचे चालते, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी त्याहून चांगले. या उपायाने आमचा अर्धा डाग गेला. त्याबरोबर एक अद्दलही घडली. खिडकीचा कट्टा शहाबादी फरशीचा. फडक्यातून ओघळलेले व्हिनेगर त्यावर साचले, बुडबुडे आले, आणि इतक्या वर्षांच्या वापराने गुळगुळीत झालेल्या फरशीवर खरखरीत चट्टे पडले. शहाबादी म्हणजे चुनखडकच. काचेवरचा डाग आणि त्याखालचा कट्टा एकाच कुळातले. आम्लाला त्यांतला नको असलेला कोणता आणि हवा असलेला कोणता हे समजत नाही.

उरलेला अर्धा डाग आंबटाला दाद देईना. त्याचे कारणही कातळातच आहे. आपल्या भूजलात चुन्याबरोबर विरघळलेली सिलिका असते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसात ज्या पोकळ्या राहिल्या, त्यांत असेच पाणी झिरपत राहिले आणि सिलिकेचे थर साचून गारगोट्या तयार झाल्या. आमच्या जिल्ह्यात भुदरगड तालुक्याच्या ठिकाणाचे नावच गारगोटी आहे. आमच्या तावदानांवर तेच काम अत्यंत लहान प्रमाणात सुरू झाले होते. सिलिका घरगुती आम्लांत विरघळत नाही. हार्डवेअरच्या दुकानात कुणी फरशी धुवायचे ॲसिड सुचवले. ते आणले नाही हे बरे झाले, कारण पूर ओसरल्यावर घरोघर ब्लीचिंग पावडर वाटलेली होती, आणि ते ॲसिड व ब्लीचिंग पावडर एकत्र आले की क्लोरिन हा विषारी वायू सुटतो. बंद खोलीत तो जिवावर बेतू शकतो.

शेवटी काचवाल्याला बोलावले. त्याने तावदानावरून अंगठ्याचे नख फिरवले. कुठे ते अडखळले, कुठे सरळ गेले. अडखळते तिथे डाग काचेवर आहे, तो निघेल, असे तो म्हणाला. सरळ जाते आणि तरी धुरकट दिसते तिथे डाग काचेवर नाही, काचच गेली आहे. खिडकीवरच्या भिंतीला पुरानंतर आम्ही नवा गिलावा करून घेतला होता. ओल्या सिमेंटचे पाणी दोन तावदानांवरून ओघळत राहिले आणि ते वेळीच धुतले नाही. सिमेंटचे पाणी तीव्र अल्कधर्मी असते. वाळू, सोडा आणि चुना वितळवून काच होते. अल्कधर्मी पाणी तिचा वरचा थर खाते. मग तिथे काही साचलेले नसते, उणे झालेले असते. सिरियम ऑक्साइडची पूड लावून चाकावर घासले तर थोडा फरक पडतो, चष्म्याची भिंगे तशीच चकचकीत करतात, पण जे खाल्ले गेले ते भरून येत नाही. रंकाळ्याकाठच्या शालिनी पॅलेसमध्ये १९३४ च्या सुमारास बसवलेल्या बेल्जियमच्या काचांवर राजचिन्हे कोरलेली आहेत. ती कितीही धुतली तरी जाणार नाहीत. आमच्या दोन तावदानांवर सिमेंटने तसेच कोरून ठेवले होते, फक्त त्यात चिन्ह नव्हते. डाग वर आहे की आत, हा काचवाल्याचा प्रश्न आम्हाला फार आवडला. तोही वहीत गेला.

आता ज्यासाठी हे सगळे सांगितले तिथे येतो.

त्या वर्षीच्या दिवाळीपासून आई संध्याकाळी तक्रार करू लागली होती. समोरच्या खांबावरचा दिवा तिला नीट दिसेना. "काच पुसा जरा. दिव्याभवतीनं कडं दिसालंय. इंद्रधनुष्यावानी." आम्ही दोघांनी आळीपाळीने तिच्या जागी बसून पाहिले. दिव्याभोवती वलय होते खरे. काचेवरच्या सायीने उजेड फुटत होता आणि पांढुरका धूसर गोल दिसत होता. तक्रार पटली. आम्ही नव्या जोमाने व्हिनेगर आणले. आठवड्याने तिने तेच सांगितले, आम्ही पुन्हा काच पुसली. कधी कधी तिची भुवईही ठणकत असे. ती पुराच्या ओलीवर आणि दगदगीवर ढकलली. 'इंद्रधनुष्यावानी' ही तिची उपमा मात्र आमच्या मनात राहिली. रस्त्यावरच्या पिवळ्या दिव्याला इंद्रधनुष्य पाहणारी आमची आई, असे आम्ही मित्रमंडळींत कौतुकाने सांगितल्याचेही आठवते.

ती उपमा नव्हती. आम्ही पाहिलेले वलय पांढुरके होते, ती रंगीत म्हणत होती. वीस वर्षे आम्ही विद्यार्थ्यांना सांगत आलो की वाचताना विशेषण ओलांडून जाऊ नये, लेखकाने ते घातले आहे तर त्याला कारण असणार. घरातल्या माणसाने चार-चारदा उच्चारलेले एकच विशेषण आम्ही अलंकार समजून बाजूला ठेवले.

मधल्या काळात मोतीबिंदूची शंका आली नाही असे नाही. पण 'पिकू द्यावा, मग काढावा' हा जुना समज आमच्याही डोक्यात होता. एके काळी तो शस्त्रक्रियेच्या पद्धतीमुळे योग्य असेल, आता नाही. उलट, पिकून फुगलेले भिंग डोळ्यातली वाट अडवून नवाच घोळ करू शकते, हे आम्हाला नंतर कळले. मग मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. वयस्क माणसाला दवाखान्यात नेणे म्हणजे संकटाला आमंत्रण, असे सगळेच म्हणत होते. आम्हालाही ते सोयीचे वाटले. आम्ही घरी होतो, वेळ होता, आणि काचा होत्या. त्या उन्हाळ्यात आमच्या खिडकीइतकी पुसली गेलेली खिडकी शाहूपुरीत दुसरी नसेल.

जानेवारी २०२१ मध्ये आईने चहाचा कप कट्ट्यावर ठेवताना उजवीकडे हवेतच सोडला. तेव्हा आम्ही तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी सगळे ऐकून घेतले. आम्ही काचेचा इतिहास जरा विस्ताराने सांगितला असावा, कारण त्यांनी मध्येच थांबवून विचारले, "खिडकी उघडी असताना कडं दिसत होतं का?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. पुरात सागवानी चौकट फुगून पल्ले अडकले होते. पुढे लाकूड सुकले, पल्ले सुटायला हवे होते, पण डासांच्या भीतीने आणि सवयीने ती खिडकी कुणी उघडलीच नव्हती. सव्वा वर्षात एकदाही नाही. डाग वर आहे की आत, हे विचारायला आम्ही काचवाल्याकडून शिकलो होतो. तो काचेच्या कोणत्या बाजूला आहे, हे विचारायला मात्र कुणाकडून शिकायची गरज नव्हती. कडी काढून पल्ला ढकलला असता तरी पुरले असते.

उत्तर आईनेच दिले. "उघडी असो का झाकली, दिसतंयच की. दारातनंबी दिसतंय." मग आमच्याकडे वळून, अगदी साधेपणाने, "तुमी काच पुसत हुता म्हनून मी काचंचंच म्हनत हुते."

तो काचबिंदू होता. मराठीने डोळ्याच्या दोन रोगांना दोन सुंदर नावे दिली आहेत. मोतीबिंदूत डोळ्यातले भिंग गढूळ होते. ते काढून दुसरे बसवता येते आणि दिसू लागते. काचबिंदूत डोळ्यातल्या पाण्याची बाहेर पडण्याची वाट अडते, आत दाब वाढतो आणि डोळ्यामागची नस हळूहळू मरते. डॉक्टरांनी समजावताना कोल्हापूरचेच उदाहरण दिले : नदी चढली की नाल्याचे पाणी जाणार कुठे? डोळ्यातला दाब साधारणपणे १० ते २१ च्या दरम्यान असतो. आईच्या उजव्या डोळ्यात तो चाळीसच्या घरात होता. दाब असा चढला की डोळ्याचे पुढचे पारदर्शक पटल सुजते, त्यात पाणी शिरते, आणि दिव्यांभोवती रंगीत कडी दिसतात. 'इंद्रधनुष्यावानी' हे शब्द बहुतेक याच क्रमाने आणि याच अर्थाने वैद्यकाच्या पुस्तकांत असतात. रोगाच्या संथ प्रकारात तर एवढीही सूचना मिळत नाही. कडेची नजर गुपचूप जाते आणि मधली शाबूत राहिल्याने माणसाला पत्ता लागत नाही. कायमचे अंधत्व आणणाऱ्या कारणांत जगभर काचबिंदू आघाडीवर आहे तो म्हणूनच. आमच्या बाबतीत सूचना मिळाली होती. ती देणारी व्यक्ती रोज संध्याकाळी दोन हातांवर बसत होती.

बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याला लेसरने बारीक छिद्र पाडून पाण्याला वाट करून दिली. पुढे भिंगही बदलले. थेंब सुरू झाले, ते कायमचे. डावा डोळा बराचसा वाचला. उजव्या डोळ्याची नस जेवढी गेली तेवढी गेली; डॉक्टरांनी त्याबाबत कसलीही आशा लावली नाही, आणि ते योग्यच होते. "आधी आणलं असतं तर?" हा प्रश्न आम्ही विचारला. त्यांनी थेंबांच्या वेळा लिहून दिल्या. वर्गात आम्हीही काही प्रश्नांना असेच उत्तर देतो.

लोकांना वाटते, वाङ्मयाच्या अभ्यासाने माणसाचे कान तयार होतात. होत असतील. पण प्रत्येक वाक्य कशाचे तरी प्रतीक असते असे मानायची सवय लागली की ते प्रथम जे सांगते तेच ऐकू येईनासे होते. खलाशी काचेबद्दल बोलत होता, आम्ही माणसांबद्दल ऐकले. आई डोळ्याबद्दल बोलत होती, आम्ही काचेबद्दल ऐकले आणि वर तिच्या भाषेला दाद दिली. दोन्ही वेळा समोरच्याला जे म्हणायचे होते ते अगदी वाच्यार्थात समोर पडले होते. लक्षणेकडे वळण्यापूर्वी वाच्यार्थ बाधित होतो का ते पाहावे, हा आपल्या जुन्या साहित्यशास्त्राचा पहिलाच धडा. पहिल्या वर्षाच्या मुलांकडून तो आम्ही घोटून घेतो. आई म्हणत होती त्यात बाधित होण्यासारखे काहीच नव्हते.

जुलै २०२१ मध्ये पंचगंगेला पुन्हा महापूर आला. या वेळी आम्ही पाणी गल्लीत शिरण्याआधीच निघालो. कागदपत्रे, दागिने, आमच्या वह्या यांच्या आधी पिशवीत गेल्या त्या थेंबांच्या दोन बाटल्या. परतल्यावर तावदानांवर पुन्हा रेषा होती. ती त्याच दिवशी धुतली, डिस्टिल्ड पाण्याने खळबळली आणि कोरडी केली. सिमेंटने खाल्लेली दोन तावदाने काचवाल्याने लांबी उकरून काढली आणि नवी बसवली. अर्ध्या तासाचे काम. जुन्या काचा तो घेऊन गेला. आम्ही थांबवले नाही. कट्ट्यावरचे व्हिनेगरचे चट्टे तसेच आहेत.

आई ऐंशी ओलांडून गेली आहे. रोज संध्याकाळी खिडकी उघडतो, डास येतात, मग जाळी लावतो. कडे आता दिसत नाही असे ती सांगते. रस्ता मात्र तिला डावीकडूनच जास्त भरतो. उजवीकडून येणारा माणूस अगदी समोर आल्यावर एकदम उगवतो आणि ती दचकते. बस थांबा आमच्या घराच्या उजव्या अंगाला आहे. तेव्हा कॉलेजातून परतताना कोपऱ्यावर आलो की आम्ही आधी हाक मारतो आणि तिने मान वळवेपर्यंत थांबतो.